बंदिस्त कस्तुरीमृगात टेस्टोस्टेरॉन आणि कस्तुरीचे उत्पादन यांचा संबंध नेमका कसा समजावा?

शर्वरी_इंदूर

नमस्कार. मी इंदूरला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करीत आहे आणि या सत्राच्या सेमिनारसाठी बंदिस्त कस्तुरीमृगांतील संप्रेरकांची पातळी व कस्तुरीचे उत्पादन हा विषय घेतला आहे. घरात आजोबांची वैद्यकी असल्यामुळे कस्तुरीभैरव रसासारख्या औषधांची नावे लहानपणापासून कानावरून गेली होती. पण कस्तुरी प्राण्याच्या शरीरात बनते कशी, हा विचार वाचन सुरू केल्यावरच मनात आला.

माझी अडचण अशी आहे. बहुतेक ठिकाणी एका दमात लिहिलेले असते की कस्तुरी फक्त प्रौढ नरात तयार होते, ती टेस्टोस्टेरॉन या नर-संप्रेरकावर अवलंबून असते आणि तिचा उपयोग मादीला आकर्षित करण्यासाठी होतो. ही तिन्ही विधाने खरी धरली, तर कस्तुरी मिलनकाळातच सर्वाधिक स्रवायला हवी. प्रत्यक्षात मिलन साधारण नोव्हेंबर ते जानेवारीच्या सुमारास होते, आणि कस्तुरीचे मुख्य स्रवण मे ते जुलैच्या दरम्यान, म्हणजे माद्या विण्याच्या दिवसांत होते. हे सहा महिन्यांचे अंतर मला कुठेच नीट उलगडून सांगितलेले दिसले नाही.

त्यालाच जोडून दुसरा प्रश्न. ज्या नरात टेस्टोस्टेरॉन अधिक, त्याची कस्तुरीही अधिक, असे सरळ समीकरण मांडता येईल का? आणि ते खरे असेल, तर बाहेरून संप्रेरक देऊन उत्पादन वाढविण्याचा मार्ग पालनकेंद्रांनी सर्रास का धरलेला नाही? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पशुवैद्य_महू (निवृत्त)

शर्वरीताई, आधी ग्रंथीकडे पाहू, म्हणजे अंतराचे कोडे सोपे होईल.

कस्तुरीची पिशवी नराच्या पोटाखाली, बेंबी आणि जननेंद्रिय यांच्या मध्ये असते. तिच्याभोवतीच्या ग्रंथीतील पेशी स्राव तयार करतात आणि तो पिशवीच्या पोकळीत उतरतो. पिशवीच्या आतल्या अस्तरातील तैलग्रंथी त्यात स्वतःची भर घालतात. म्हणजे स्राव एके ठिकाणी तयार होतो आणि साठतो दुसऱ्या ठिकाणी. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे तो उपयोगी पडेल. आणखी एक गोष्ट. कस्तुरीमृग हे खरे हरीण नव्हे. त्याचे कुळ वेगळे आहे, त्याला शिंगे नसतात, नराला वरच्या जबड्यातून खाली आलेले लांब सुळे असतात आणि हरणांत न आढळणारे पित्ताशय त्याच्यात असते. चितळ किंवा सांबराच्या शिंगांचे वार्षिक चक्र शिकताना टेस्टोस्टेरॉनच्या चढउताराचे जे चित्र आपल्या डोक्यात बसते, ते जसेच्या तसे येथे लावू नये.

टेस्टोस्टेरॉन आवश्यक आहे, यात वाद नाही. खच्ची केलेल्या नरात कस्तुरीचे स्रवण होत नाही आणि वयात न आलेल्या पाडसातही होत नाही. पहिले खरे स्रवण साधारण दीड-दोन वर्षांच्या वयात दिसते. ग्रंथीच्या पेशींमध्ये या संप्रेरकाचे ग्राहक, म्हणजे त्याचा संदेश झेलणारी प्रथिने, असतात. आपल्या माळव्यातील कोणताही बकरीवाला याचा जवळचा दाखला देईल: पूर्ण बोकडाचा वास वाड्याबाहेरून ओळखू येतो आणि खच्ची बोकडाला तो वास येतच नाही, कारण त्याच्या शिंगांच्या बुडाशी असलेल्या तैलग्रंथी टेस्टोस्टेरॉनवरच चालतात. फरक एवढाच, की बोकडाचा वास आणि त्याचा माज एकाच वेळी येतात, तर कस्तुरीमृगात तसे होत नाही.

आता अंतराकडे वळू. या नरात टेस्टोस्टेरॉनची पातळी वर्षातून एकदा नव्हे, दोनदा चढते. पहिली चढ उन्हाळ्याच्या सुरुवातीला, स्रवणाच्या दिवसांत येते आणि दुसरी हिवाळ्यात मिलनकाळात. मधल्या महिन्यांत पातळी बरीच खाली असते. दुसऱ्या चढीच्या वेळी वृषण जोमात असतात, नर एकमेकांवर सुळे उगारतात, माद्यांच्या मागे धावतात, आणि तरीही उन्हाळ्यासारखे नवे मोठे स्रवण होत नाही. संप्रेरक तेच असून परिणाम वेगळा होतो, याचा अर्थ निर्णय केवळ रक्तातील पातळीवर होत नाही. त्या हंगामात ग्रंथी त्या संदेशाला प्रतिसाद देण्याच्या स्थितीत असावी लागते. सेमिनारमध्ये पहिल्या पाच मिनिटांत हा मुद्दा मांडलात, तर पुढचे सगळे त्याच्याभोवती बसेल.

स्रवणाचे ते दिवस फार थोडे असतात. नर एकाएकी चारा टाकतो, कधी जवळजवळ उपाशीच राहतो. वृषण व पिशवीचा भाग सुजल्यासारखा दिसतो. हालचाल मंदावते किंवा प्राणी अस्वस्थ होतो. काही दिवसांत हे ओसरते आणि तो पुन्हा खाऊ लागतो. या काळात पिशवीत उतरलेला स्राव पांढुरका-पिवळसर, दाट आणि ओला असतो. ज्याला आपण कस्तुरी म्हणून ओळखतो तो गडद तपकिरी, दाणेदार, तीव्र वासाचा पदार्थ हा नव्हे. त्या रूपाला येण्यासाठी पिशवीतच साधारण दोन महिने परिपक्व होणे भाग असते.

आता तुमच्या कोड्याची बेरीज करून पाहा. जूनमध्ये स्रवलेला माल ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत तयार होतो आणि दिवस लहान होऊ लागून मिलनकाळ जवळ येतो, तेव्हा नराजवळ गंधाचा पूर्ण साठा असतो. स्रवण आणि वापर यांच्यात पडलेले अंतर मला तरी विसंगती वाटत नाही. परिपक्व होण्यास लागणारा वेळ हिशोबात धरला, की ते अंतर स्वाभाविक ठरते.

अनघा_विजयनगर

डॉक्टरसाहेबांनी शरीराची बाजू सांगितली. मी इंदूरमध्येच एका निदान प्रयोगशाळेत संप्रेरक-मापनाचे काम करते, म्हणून दुसऱ्या प्रश्नावर, म्हणजे "टेस्टोस्टेरॉन अधिक तर कस्तुरी अधिक का" यावर, आकड्यांच्या बाजूने लिहिते.

आकडा कुठून आला, हे आधी विचारावे. रक्तातून घेतला असेल, तर प्राण्याला पकडावे लागले. कस्तुरीमृग अत्यंत भित्रा आणि एकटा राहणारा प्राणी आहे. त्याला धरून शिरेत सुई घालेपर्यंत त्याच्या शरीरात कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचा लोट आलेला असतो, आणि तो लोट मेंदूकडून वृषणाला जाणारा संदेशच दाबतो. शिवाय टेस्टोस्टेरॉन रक्तात एकसारखे वाहत नाही, ते ठोक्याठोक्याने येते. सकाळी घेतलेला एक नमुना आणि त्यानंतर तासाभराने घेतलेला दुसरा नमुना यांत मोठा फरक पडू शकतो. एका नराचा वर्षातील एक नमुना घेऊन त्याची कस्तुरीच्या वजनाशी सांगड घालणे, हे मला तरी धाडसाचे वाटते.

म्हणून वन्य आणि बंदिस्त प्राण्यांसाठी विष्ठेतील संप्रेरकांचे अवशेष मोजण्याची पद्धत रूढ झाली आहे. आपल्याकडे हैदराबादच्या 'लॅकोन्स' या संस्थेत अनेक भारतीय प्राण्यांवर असे काम होते. कस्तुरीमृगाच्या बाबतीत तर ही पद्धत फारच सोयीची आहे, कारण हा प्राणी ठरलेल्या जागी लेंड्या टाकतो. नर स्वतंत्र वाड्यात असेल, तर कोणाच्या लेंड्या याचा संशयही उरत नाही. त्या ताज्या उचलून लगेच गोठवाव्या लागतात किंवा अल्कोहोलमध्ये ठेवाव्या लागतात, कारण उघड्यावर राहिल्या की जिवाणू ते अवशेष तोडत किंवा बदलत राहतात आणि आकडा बिघडतो. पुढे त्या वाळवून, कुटून, गाळून त्यातील अवशेष विद्रावकात काढतात आणि प्रतिपिंडाच्या (अँटिबॉडीच्या) चाचणीने मोजतात. लेंडीत दिसणारी पातळी काही तासांची सरासरी असते, शिवाय अन्न पचून बाहेर पडण्यास लागणाऱ्या वेळाइतकी ती मागे असते. त्यामुळे एका क्षणाच्या ठोक्यापेक्षा ती अधिक भरवशाची ठरते.

यातही एक मेख आहे. चाचणीतील प्रतिपिंड टेस्टोस्टेरॉन ओळखते, पण लेंडीत मूळ टेस्टोस्टेरॉन थोडे आणि त्याचे विघटित अवशेष पुष्कळ असतात. ते अवशेष प्रतिपिंडाला कितपत चिकटतात, हे प्राणिजातीनुसार बदलते. म्हणून वयात न आलेला नर आणि प्रौढ नर, किंवा हंगाम आणि बिगरहंगाम, असा ज्ञात फरक त्या चाचणीत दिसतो का, हे आधी पडताळून पाहावे लागते. हा पडताळा ज्या शोधनिबंधात दिलेला नाही, त्याचे आलेख मी तरी सेमिनारमध्ये दाखविले नसते.

आता मूळ समीकरण. वेगवेगळ्या नरांची तुलना करताना वय मधे येते. तरुण नरात टेस्टोस्टेरॉनही कमी आणि कस्तुरीही कमी, पूर्ण वाढलेल्या नरात दोन्ही अधिक. सगळ्यांचे बिंदू एकाच आलेखावर टाकले, की सुंदर चढती रेषा मिळते आणि संप्रेरकानेच कस्तुरी वाढविली असे वाटू लागते. समवयस्क नर घेतले, किंवा एकाच नराची वर्षामागून वर्षे तपासली, की त्या रेषेतील बराचसा भाग वयाचा होता हे लक्षात येते. स्रवणाच्या काळात पातळी चढणे हे कस्तुरी येण्याची खूण आहे. ती किती उंच चढली यावरून किती ग्रॅम येईल, हे सांगणे निराळे.

शर्वरी_इंदूर

डॉक्टरसाहेब आणि अनघाताई, मनःपूर्वक आभार. दोन गोष्टी अजून विचारते. माझ्या संग्रहातील काही निबंध मस्करॅटवरचे आहेत. त्यांत ग्रंथीतील ग्राहक, एस्ट्रोजेन तयार करणारे विकर (एन्झाइम) वगैरे सगळे व्यवस्थित दाखविलेले आहे. ते कस्तुरीमृगाला लावता येईल का? आणि इंजेक्शनचा प्रश्न अजून तसाच आहे.

पशुवैद्य_महू (निवृत्त)

मस्करॅट हा पाण्याकाठी राहणारा कृंतक, म्हणजे उंदराच्या गोतावळ्यातला. त्याच्या गंधग्रंथीचा स्राव कस्तुरीशी साम्य दाखवतो, म्हणून चीनमध्ये पर्याय म्हणून त्याचा अभ्यास फार झाला, आणि तो लहान व पाळायला सोपा असल्याने ग्रंथीचे तुकडे घेऊन करायची कामे त्याच्यावर करता आली. संरक्षित कस्तुरीमृगावर ती मुभा नाही. परंतु मस्करॅटची ग्रंथी प्रजननाच्या हंगामात फुगते आणि हंगाम संपला की आक्रसते. तेथे वास आणि प्रजनन यांचे वेळापत्रक एकच आहे, बोकडासारखे. तेव्हा त्या निबंधांतून ग्रंथीच्या पेशीत टेस्टोस्टेरॉनचे पुढे काय होते, म्हणजे त्याचे अधिक प्रभावी डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये किंवा एस्ट्रोजेनमध्ये रूपांतर कसे होते, एवढे घ्यावे. हंगामाचा नियम मात्र त्यातून उचलू नये.

इंजेक्शनबद्दल. चीनमध्ये कस्तुरीमृगपालन १९५०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले, आणि सिच्वान व शेन्शी प्रांतांतील केंद्रांनी प्राणी न मारता पिशवीच्या तोंडातून बारीक चमच्यासारख्या साधनाने कस्तुरी काढण्याची रीत बसविली. पुढे टेस्टोस्टेरॉन प्रोपिओनेट टोचून स्रवण घडवून आणण्याचे प्रयोगही तेथे झाले, आणि स्रवण घडते. संप्रेरक कारण आहे, केवळ सोबती नाही, याचा हा चांगला पुरावा आहे, आणि सेमिनारमध्ये खच्चीकरणाच्या निरीक्षणाशेजारी तो ठेवावा: काढले तर थांबते, दिले तर सुरू होते.

पण कारण सिद्ध झाले म्हणून ते रोजच्या व्यवहारात परवडते, असे नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले, की मेंदू आणि पीयूष ग्रंथी आपला संदेश आवरता घेतात. वृषणाला चालना देणारे पीयूष ग्रंथीचे संप्रेरक, एलएच, उतरते, वृषणाचे स्वतःचे उत्पादन मंदावते आणि शुक्राणूंची निर्मितीही घटते. ज्या केंद्राला पुढची पिढीही त्याच नरांपासून हवी आहे, त्याला हा सौदा महागात पडतो. दुसरे, प्रत्येक इंजेक्शनसाठी प्राणी पकडायचा. आणि अनघाताईंनी सांगितलेले कॉर्टिसॉल तेथे पुन्हा आडवे येते. या प्राण्यात पकडण्याच्या धसक्याने स्नायूंवर घातक परिणाम होऊन मृत्यू ओढवू शकतो. बंदिवासात गळवे आणि फुप्फुसाचे विकार ही आधीच मोठी डोकेदुखी आहे; ताणाने प्रतिकारशक्ती खालावली, की तीच बळावतात. एक निरोगी प्रौढ नर वर्षाला साधारण १०-१५ ग्रॅम कस्तुरी देतो आणि अनेक वर्षे देत राहू शकतो. थोड्या ग्रॅमांच्या लोभाने तो नर गमावणे कोणत्याही पालकाला रुचणार नाही.

माझे मत विचाराल, तर बंदिस्त कस्तुरीमृगात उत्पादन कमी पडण्याचे पहिले कारण संप्रेरकाचा अभाव हे क्वचितच असते. स्रवणाच्या आधीच्या महिन्यांत चारा कसा होता, शेजारच्या वाड्यात कोण होते, माणसांची ये-जा किती होती, हे आधी पाहावे. स्रवणाच्या दिवसांत प्राणी स्वतःहूनच खाणे सोडतो; त्याआधी अंगावर साठा नसेल, तर ग्रंथीला पुरविणार काय? आपल्याकडे उत्तराखंडात केदारनाथ अभयारण्यातील कांचुला खर्क येथे १९८२ मध्ये प्रजनन केंद्र निघाले होते. तेथेही कस्तुरीच्या ग्रॅमांआधी प्राणी जगवणे हेच अवघड गेले.

वैद्य_राजवाडा

चर्चा विज्ञानाची आहे, तरी एक व्यावहारिक सूचना करतो. हा प्राणी १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि भारतातील कस्तुरीमृगाच्या वस्तूंचा आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद आहे. तेव्हा सेमिनारला दाखविण्यासाठी म्हणून कोणाकडे नमुना मागू नये. बाजारात कस्तुरी म्हणून जे पुढे केले जाते, त्याची खात्री कोणी देऊ शकत नाही, आणि खरे निघाले तर प्रकरण अधिकच गंभीर होते. आमच्याकडे लताकस्तुरीचे बी काही ठिकाणी पर्याय म्हणून वापरतात, पण ते भेंडीच्या जातीतले झाड आहे. त्याचा या संप्रेरकांशी संबंध नाही.

माझी शंका मात्र खरी आहे. आमच्या निघंटूंत, म्हणजे औषधी द्रव्यांच्या जुन्या ग्रंथांत, कामरूप, नेपाळ आणि काश्मीर असे कस्तुरीचे तीन प्रकार सांगून कामरूपाची श्रेष्ठ मानली आहे, म्हणजे वजनापेक्षा प्रतीकडे लक्ष अधिक. टेस्टोस्टेरॉनची पातळी कस्तुरीच्या प्रतीवर परिणाम करते, की फक्त प्रमाणावर?

अनघा_विजयनगर

वैद्यबुवा, म्हणूनच डॉक्टरसाहेबांनी स्राव तयार होण्याची जागा आणि साठण्याची जागा वेगळी आहे, हे आधी सांगितले असावे.

कस्तुरीच्या गंधाचा मुख्य घटक म्हणजे मस्कोन. हे १५ कार्बनच्या मोठ्या वलयाचे कीटोन आहे. त्याची रचना लिओपोल्ड रुझिका यांनी १९२६ मध्ये उलगडली, आणि मोठ्या वलयांची कल्पनाच त्या काळी रसायनशास्त्रज्ञांना पटण्यासारखी नव्हती. (त्यांना १९३९चे नोबेल पारितोषिक ज्या कामासाठी मिळाले, त्यात हाही भाग येतो.) नैसर्गिक कस्तुरीत मस्कोनचे प्रमाण शेकडा एक-दोनच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते; बाकी भागात कोलेस्टेरॉल, मेद, प्रथिने आणि अँड्रोस्टेन वर्गातील स्टेरॉइड्स असतात. ही शेवटची मंडळी रासायनिकदृष्ट्या टेस्टोस्टेरॉनच्या नात्यातली आहेत, पण मस्कोन त्या नात्यातले नाही. त्यामुळे "पुरुषी संप्रेरकच गंध होऊन बाहेर येते" असे जे अधूनमधून लिहिले जाते, त्याला आधार नाही.

टेस्टोस्टेरॉनची भूमिका मुख्यतः स्रवणाच्या थोड्या दिवसांत असते. पुढील दोन महिन्यांत पिशवीत जे घडते, ते पाणी उडून जाणे, अस्तरातील तैलस्राव मिसळणे, आणि तेथील जिवाणूंचा वाटा, याचे एकत्रित फळ आहे; परिपक्वतेच्या टप्प्यांप्रमाणे पिशवीतील जिवाणूंची वस्ती बदलते, हे अलीकडच्या काळात जनुकीय पद्धतींनी दाखविले गेले आहे. लवकर खरवडून काढलेली कस्तुरी फिकी आणि ओली राहते, मग नराचे टेस्टोस्टेरॉन कितीही असो. म्हणून प्रमाणाचा प्रश्न जूनच्या नमुन्यावर विचारावा आणि प्रतीचा प्रश्न काढणीच्या तारखेवर.

शर्वरी, तुझ्या आलेखासाठी एक सुचवते. सर्व नरांची सरासरी एका रेषेत दाखवू नकोस. आडव्या अक्षावर जानेवारी ते डिसेंबर घे, प्रत्येक नराची रेषा वेगळी काढ, आणि स्रवण, परिपक्वता व मिलन हे तीन काळ मागे फिकट पट्ट्यांनी दाखव. दोन चढी आणि त्यांपैकी एकीलाच लागून आलेले स्रवण, हे बघणाऱ्याला न सांगता दिसेल. कस्तुरीचे वजन देताना ते ओले की वाळवलेले, हे प्रत्येक आकड्यापाशी लिही. ताज्या मालात पाणी पुष्कळ असते, आणि दोन वेगळ्या केंद्रांची उत्पादने शेजारीशेजारी मांडताना अर्धा फरक तेवढ्यानेच पडतो.

शर्वरी_इंदूर

ताई, माझ्याकडील दोन तक्त्यांत ते लिहिलेलेच नाही. ते आलेखात न घेता वेगळे ठेवते.